सगळ्यांनी वर पाहिलं

माझ्या धाकट्या भावाला सगळं जग साहेब म्हणतं. मी छोटू म्हणते. पन्नाशीला टेकलाय, पोट सुटलंय, केसांना रंग लावतो, तरी छोटूच. त्याला ते आवडत नाही, विशेषतः समोर कुणी इंजिनियर बसलेला असला की. नाही आवडत तर नाही आवडत. लहानपणी त्याला आंघोळ मी घातलेली आहे.

आमची इमारती बांधायची कंपनी आहे. फार मोठी नाही, पण अगदीच कुणी विचारत नाही अशीही नाही. सुरुवात दादानं केली. दादा म्हणजे आमचा थोरला. आधी दुसऱ्यांच्या साइटवर राबला, मग स्वतःची बारकी कामं घेतली, मग छोटूला हाताशी धरून शिकवलं. पुढे बँका, गिऱ्हाइकं, वकील हे सगळं छोटूकडे आलं आणि दादा साइटवर राहिला. दादाला टायची गाठ बघितली तरी गुदमरायला होतं. मी दोघांच्या मधली. ऑफिस मी बघते. कुणाचं कुणाशी बिनसलं की दोघंही माझ्याच टेबलाशी येऊन उभे राहतात.

छोटू मनानं चांगला आहे हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे. त्याची एकच गोची आहे. तोंडावर वाईट बोलायची वेळ आली की ह्याचा घसा बसतो. शाळेत नापास झाला तेव्हा निकाल माझ्या हातात देऊन मला पुढे ढकललं होतं. ऑफिसात पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं आहेत, कारण तीन विक्रेते आले आणि तिघांनाही ह्याला नाही म्हणता आलं नाही. कुणाला कामावरून काढायचं असलं की साहेब दोन दिवस तापानं फणफणतात. मी म्हणायचे, अरे, बांधकामात आहेस की बालवाडीत? तो हसायचा. मलाही तेव्हा त्यात हसण्यासारखंच वाटायचं.

आता जे सांगते ते मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. पण तुम्ही आधीच ऐका, म्हणजे पुढचं नीट लागेल.

आमची एक इमारत मोठ्या रस्त्याला लागून चालली होती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीचं काँक्रीट ओतून थोडेच दिवस झाले होते. गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला स्लॅब, खालून टेकूंवर उभा. काँक्रीट पुरतं धरेपर्यंत त्या टेकूंना हात लावायचा नसतो, हे आम्हा सगळ्यांना दादानंच शिकवलेलं. एका सकाळी दादानंच सेंटरिंगच्या, म्हणजे टेकू-फळ्या लावणाऱ्या मिस्त्रीला सांगितलं, "खोल हे." त्याच्या डोक्यात खालच्या मजल्याची जुनी गॅलरी होती. मिस्त्रीनं पुन्हा विचारलं, "हीच का, मोठे साहेब?" दादा त्याच्यावर खेकसला, "आता तू शिकवणार मला?" मिस्त्रीनं टेकू काढले.

दुपारी गॅलरीची बाहेरची कड खाली झुकली आणि भिंतीलगत लांबलचक तडा गेला. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. मिस्त्रीनं आधी छोटूला फोन करून काय झालं ते सांगितलं. छोटू धावत पोचला. तेवढ्यात दादा जेवून आला, त्यानं वर पाहिलं आणि त्याचा पारा चढला. टेकू काढायला आपणच सांगितलं होतं, हे त्याच्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच आठवत नव्हतं. वीस वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाला त्यानं सगळ्या साइटसमोर नालायक म्हटलं, बेवडा म्हटलं, पुन्हा माझ्या कामावर पाय ठेवू नकोस म्हणाला. मिस्त्री दारूला शिवत नाही. त्यानं छोटूकडे बघितलं. छोटू दादाच्या शेजारीच उभा होता, आणि त्यानं तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी मिस्त्रीला गाठून त्यानं दुसऱ्या एका बिल्डरकडे काम लावून दिलं. म्हणाला, "दादाला कळता कामा नये. खचेल तो." मिस्त्री बरं म्हणाला आणि गेला. गॅलरी फोडली, नवी ओतली. मला ऑफिसात एवढंच कळलं, की मिस्त्रीनं घाई केली आणि दादानं त्याला हाकललं. मी म्हटलं, बरं केलं. असं म्हटलं मी.

त्यानंतर छोटूला काय झालं ते आम्हाला कळेना. दादासाठी साइटवर गादीची खुर्ची आली. दादानं ती वॉचमनला देऊन टाकली. मग दादासाठी पंखा आला. मग छोटू रोज सकाळी स्वतः गाडीनं दादाला साइटवर सोडायला लागला, आणि तिथून हलेना. दादा माझ्याकडे येऊन म्हणाला, "ह्याला झालंय काय गं? मी काय मरायला टेकलोय का?" जेवताना छोटू ताटाकडे नुसता बघत बसायचा. त्याच्या बायकोला वाटलं, कंपनी बुडाली. मला वाटलं, ह्याचं बाहेर काही आहे. एकदा तर मी स्पष्टच विचारलं. "बाई आहे का कुणी?" म्हणाला, "काहीतरीच काय, ताई!" पण तेही हळूच म्हणाला, आणि तेवढ्यानं माझा संशय वाढला.

दादाला एखाद्या डॉक्टरकडे न्यावं असं त्याला वाटत होतं, हेही नंतर कळलं. पण डॉक्टरकडे न्यायचं तर का ते दादाला सांगावं लागलं असतं.

अशात त्याला कुणीतरी त्या ग्रुपचं सांगितलं. बांधकाम कंपन्यांचे मालक, वेगवेगळ्या शहरांतले, म्हणजे कुणाचीच कुणाशी स्पर्धा नाही. दर काही महिन्यांनी एकत्र जमायचं, आपापल्या अडचणी सांगायच्या, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा. मी म्हटलं, "म्हणजे कंत्राटदारांचा रडायचा क्लास." तो चिडला नाही, तिथेच मी ओळखायला हवं होतं. म्हणाला, "ताई, मला कुणाशी तरी बोलायचंय." मी म्हटलं, मग मी काय दगड आहे? तो जाऊन नाव नोंदवून आला.

तिथला रिवाज असा. एका हॉटेलच्या खोलीत गोल बसायचं, सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत. नव्या माणसानं पहिल्याच दिवशी अशी एक गोष्ट सांगायची, जी त्यानं घरीसुद्धा सांगितलेली नाही. आणि खोलीत बोललेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. हा नियम ते फार कडक पाळतात. त्यांची प्रमुख एक वयस्कर बाई, रस्ते बांधायची मोठी कंपनी चालवते. सगळे तिला रस्तेवाल्या बाई म्हणतात. त्या छोटूला म्हणाल्या, "बोला. इथे कुणी कुणाला हसत नाही."

आणि ह्या घसा बसणाऱ्या माणसानं तिथे सगळं सांगितलं. गॅलरी, टेकू, दादाचं विसरणं, मिस्त्री, सगळं. सांगताना रडला म्हणे. एकानं पाण्याचा ग्लास पुढे केला, एकानं पाठीवर हात ठेवला. दोघा-तिघांनी सल्ला दिला, की आधी भावाशी बोला. हा हो हो म्हणाला.

घरी आला तो पिसासारखा हलका होऊन. ताटभर जेवला. बाथरूममधून गाण्याचा आवाज यायला लागला. मी त्याच्या बायकोला म्हटलं, बघ, उगीच नावं ठेवत होते मी, चांगला आहे हो तो ग्रुप. पण भावाशी बोलायचं राहिलंच. आता त्याला निकड वाटत नव्हती. ओझं उतरलं होतं ना! ज्याच्यापाशी उतरवायचं तो साइटवर उन्हात उभा होता आणि ह्यानं ते उतरवलं परक्या माणसांपाशी.

त्या ग्रुपचा आणखी एक रिवाज आहे. सगळ्यांनी मिळून एकेका सभासदाच्या कंपनीवर जायचं. साइट बघायची, मग ऑफिसात बसून तिथल्या माणसांशी एकेकाला आत बोलावून बोलायचं, मालकाला बाहेर ठेवून. आणि शेवटी मालकाला तोंडावर सांगायचं, तुझं काय चुकतंय. नव्या सभासदाचा नंबर लवकर लागतो. छोटूनं दोनदा टाळलं. एकदा पाऊस सांगितला, एकदा मला आजारी पाडलं. तिसऱ्यांदा रस्तेवाल्या बाईंनीच तारीख ठरवून टाकली.

दादाला त्यानं सांगितलं, काही पाहुणे साइट बघायला येणार आहेत. दादाला कोण आनंद! त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. साइट झाडून घेतली. मला म्हणाला, "छोटूच्या ओळखीची मोठमोठी माणसं आहेत म्हणे. आपलं काम बघून म्हणाली पाहिजेत, की वा!" मी हेल्मेटं वाटायला साइटवर गेले होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

दहा-बारा जण होते. दादा पुढे, ते मागे, छोटू सगळ्यांच्या शेवटी. दादा हात नाचवून सांगत होता, पाया खणताना पाणी कसं लागलं, पंप कसे लावले, शेजारच्या इमारतीला धक्का लागू दिला नाही. माणसं मान डोलवत होती. चालत चालत सगळे दर्शनी बाजूला आले. आणि तिथे त्या सगळ्यांनी वर पाहिलं. आधी एकानं, मग दुसऱ्यानं, मग झाडून सगळ्यांनी, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे. आणि लगेच सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. एक जण तर आपल्या बुटांकडेच बघत राहिला.

दादा बोलता बोलता थांबला. त्यानंही वर पाहिलं. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. नवी गॅलरी, नवं प्लास्टर, इतर गॅलऱ्यांसारखीच एक गॅलरी. मग त्यानं त्या माणसांकडे पाहिलं. एका भल्या गृहस्थानं पुढे होऊन दादाचा दंड धरला आणि म्हणाला, "सावकाश हं, इथे पायरी आहे." दादा रोज त्या पायरीवरून पन्नास वेळा जातो. त्यानं त्या माणसाचा हात हळूच सोडवला. छोटूकडे मी पाहिलं तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला काही उमगेना. माझ्या डोक्यात आलं, प्लास्टरला तडाबिडा दिसला की काय ह्यांना.

मग ऑफिसात एकेकाला बोलावणं सुरू झालं. मी आत जाऊन एसी गळतो आणि माझा भाऊ कुणाला नाही म्हणू शकत नाही, एवढं सांगून आले. माझ्यानंतर दादा गेला आणि लगेच बाहेर आला. आत काय झालं ते रस्तेवाल्या बाईंनीच पुढे मला सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमची काही अडचण आहे का? दादा म्हणाला, "माझं राहू द्या. तुम्ही सगळे त्या गॅलरीत काय बघत होतात?" कुणी उत्तर दिलं नाही. नियम होता ना, खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं नाही! एवढी मोठाली माणसं, पण सगळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. दादा बरं म्हणाला आणि उठला.

ती मंडळी छोटूला घेऊन हॉटेलवर गेली आणि दादा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ती गॅलरी का फोडली होती गं?"

"अरे, मिस्त्रीनं लवकर खोललं ना! तूच नाही का त्याला हाकललास?"

"खोलायला कुणी सांगितलं त्याला?"

मी काय सांगणार? मला माहीतच नव्हतं. दादानं खिशातून फोन काढला आणि मिस्त्रीला लावला. दादाला कमी ऐकू येतं म्हणून त्याचा फोन कायम स्पीकरवर असतो. इकडचं तिकडचं काही न बोलता त्यानं विचारलं, "ती गॅलरी खोलायला तुला मी सांगितलं होतं का?"

तिकडून साइटचा आवाज येत होता. मिस्त्री म्हणाला, "जाऊ द्या ना मोठे साहेब. झालं ते झालं."

"मी सांगितलं होतं का?"

"हो."

दादानं फोन टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाला, "मला आठवत नाही गं." लहान मुलासारखा म्हणाला. मी आयुष्यात पहिल्यांदा दादाला घाबरलेलं पाहिलं. मी उठून त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि पंख्याचा वेग वाढवत बसले.

छोटू तासाभरात धावत आला. हॉटेलात रस्तेवाल्या बाईंनी त्याला बसूही दिलं नव्हतं. म्हणाल्या, "तुमच्या भावानं आम्हाला साधा प्रश्न विचारला आणि आम्ही गप्प बसलो. लाज वाटली आम्हाला. आज तुमच्या कंपनीबद्दल आम्ही काही बोलणार नाही. तुम्ही परत जा आणि आधी त्यांच्याशी बोला."

तो दारातच उभा राहिला. दादा त्याला म्हणाला, "त्या सगळ्यांना माहीत आहे?"

छोटूनं होकाराची मान हलवली.

"परक्या माणसांना सांगितलंस. मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला वाईट वाटलं असतं, दादा."

"वाटलं असतं. मग? मला वाईट वाटू द्यायचं की नाही हे ठरवणारा तू कोण रे?" दादाचा आवाज चढला. "तो माणूस माझी शिवी घेऊन गेला आणि मी इथे तोऱ्यात फिरतोय! इस्त्री करून फिरतोय!"

छोटू रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. मी त्याला तिथेच फैलावर घेतलं, जे जे तोंडात आलं ते सगळं बोलले, मिस्त्रीसाठी बोलले आणि मी स्वतः बरं केलं म्हणाले होते त्याच्यासाठीही बोलले. शेवटी दादाच म्हणाला, "पुरे आता." मग छोटूला जवळ बोलावून म्हणाला, "ह्यापुढे माझं काही चुकलं, मी काही विसरलो, तर मला सांगायचं. आधी मला. तोंडावर. शपथ घे." छोटूनं शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिस्त्रीच्या नव्या साइटवर गेलो. तो वर फळ्यांच्या फटी सिमेंटनं लिंपत होता. दादाला बघून खाली उतरला. दादानं त्याला बाजूला नेलं नाही. तिथे त्याची सगळी माणसं उभी होती, त्यांच्यासमोर म्हणाला, "चूक माझी होती. ह्यानं मला पुन्हा विचारलं होतं म्हणे. मी ह्याला नको ते बोललो. मला माफ कर." मिस्त्रीनं दादाचे दोन्ही हात आपल्या ओल्या सिमेंटच्या हातांत धरले. "तुमच्यावर राग नव्हताच, मोठे साहेब," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊकच नव्हतं."

छोटू पुढे झाला. "मीपण माफी..."

"साहेब, तुमच्यावर आहे," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही शेजारी उभे होतात."

परत या म्हटल्यावर तो म्हणाला, बघतो. आम्ही निघालो.

गाडी छोटू चालवत होता, दादा त्याच्या शेजारी, मी मागे. दादा खिडकीबाहेर बघत होता. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "छोटू, उद्या सकाळी लवकर निघू. मिस्त्रीकडे जायचंय. माणसाची माफी मागायची आहे मला."

माझ्या ओठांवर आलंच होतं, हो रे, जाऊ की उद्या. किती सोपं होतं! आरशात छोटूची आणि माझी नजरानजर झाली.

त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. घसा खाकरला. एकदा, दोनदा. मग दादाकडे तोंड करून म्हणाला, "दादा, आपण आत्ता तिथूनच येतोय. तू मागितलीस माफी. सगळ्यांसमोर."

दादानं आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांना सिमेंट लागलेलं होतं. तो ते अंगठ्यानं चोळत राहिला, आणि मग म्हणाला, "काय म्हणाला तो?"

"तुझ्यावर राग नव्हताच म्हणाला. तुला ठाऊक नव्हतं म्हणाला."

"आणि तुला?"

इथे तो काहीही सांगू शकला असता. दादाला कळलं नसतं आणि मीही बोलले नसते.

"मला म्हणाला, तुमच्यावर आहे. तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही शेजारी उभे होतात."

दादानं मान हलवली.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला.